कोतवालाची तोफ आणि आजची मोटार

पेशवाईच्या उत्तरकाळीं पुण्यांत रात्रीची तोफ सुटली म्हणजे परवान्यावांचून रस्त्यांत हिंडणारास कोतवालाचे शिपाई धरीत. ही पाळत जाचक खरी. पण ती डोळ्यांस दिसे, म्हणूनच तिचा जाब विचारतां आला. १७९१ सालीं घाशीराम कोतवाल लोकक्षोभांत ठार झाला.

आजची पाळत आपण पैसे मोजून घरीं आणतों. अनेक नव्या मोटारींत सिमकार्ड बसविलेलें असतें. गाडी कोठें, केव्हां व किती वेगानें गेली, हें तें कंपनीस कळवूं शकतें. सर्वोच्च न्यायालयानें २०१७ सालीं पुट्टस्वामी खटल्यांत खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. तरीहि २०१९ सालीं केंद्र सरकारनें वाहननोंदणीची माहिती ३ कोटी रुपयांस घाऊक देण्याचें धोरण आखलें. २०२० सालीं तें मागें घ्यावें लागलें. तेव्हां केवळ निकालावर विसंबून भागत नाहीं. मोटार घेतांना संमतिपत्र वाचावें, अनावश्यक परवानगी नाकारावी. विकतांना तींतील फोनक्रमांक व प्रवासाच्या नोंदी पुसाव्या.

जुन्या कोतवालाकडे परवाना आपण मागत होतों. नव्या कोतवालास परवाना आपणच देत आहों.