ठिपक्याचा शोध: हिंगणघाटची कबर, ओरेगॉनची बादली आणि कळंबचं वावर

आजचा भाग तसा सुट्टीचा आहे. घरचे लोक, मित्रमंडळी, हातात फोन आणि कुठेतरी लपवलेला एक डबा. या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. पण गोष्ट सुरू करायची आहे २० जानेवारी १८२३ पासून, आणि तीही हिंगणघाटहून.

त्या दिवशी हैदराबादहून नागपूरकडे निघालेला एक इंग्रज अधिकारी हिंगणघाटला मुक्कामातच वारला. विल्यम लॅम्बटन त्याचं नाव. वीसेक वर्षं तो एकच काम करत होता: हिंदुस्थान मोजत होता. त्याची कबर हिंगणघाटलाच आहे. आमच्या कळंबपासून सरळ रेषेत साधारण पन्नास-पंचावन्न किलोमीटर. आणि तरी आमच्या शाळेच्या पुस्तकात एव्हरेस्ट होता, लॅम्बटन नव्हता.

मोजायचं म्हणजे काय करायचं?

बघा, सोपं आहे. जमिनीवर एक सरळ रेषा घ्या आणि ती नीट मोजा. मग तिच्या दोन्ही टोकांवरून लांबची एखादी टेकडी बघा आणि दोन्हीकडचे कोन मोजा. एक बाजू आणि दोन कोन कळले की अख्खा त्रिकोण कळतो. म्हणजे टेकडीपर्यंत साखळी ओढत न जाता तिचं अंतर मिळालं. आता त्या त्रिकोणाची एक बाजू घेऊन पुढचा त्रिकोण, मग त्याच्या पुढचा. असं करत करत देश ओलांडायचा.

पहिली रेषा लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ मोजली. साडेसात मैल. शंभर फुटी पोलादी साखळीने ५७ दिवस लागले! कोन मोजायचं यंत्र, म्हणजे थिओडोलाइट, अर्धा टन वजनाचं होतं. १८०८ मध्ये तंजावरला ते देवळाच्या गोपुरावर चढवताना आदळलं आणि त्याची मोठी चकती वाकली. लॅम्बटनने तंबूत बसून सहा आठवडे ती हाताने सरळ केली.

या त्रिकोणांची मुख्य माळ ७८ अंश रेखांशाला धरून कन्याकुमारीकडून उत्तरेला येत होती. आता नकाशा उघडा आणि ७८ अंशांची रेघ बघा. ती यवतमाळ आणि दारव्ह्याच्या मधून जाते. म्हणजे पृथ्वीचा आकार शोधायला जी माळ ओवली गेली, ती आपल्या वऱ्हाडातून गेलेली आहे. १८२२ मध्ये लॅम्बटनच्या तुकडीने अचलपूरच्या बाजूला टाकळखेड्याला आणखी एक पायारेषा मोजली. पुढच्याच जानेवारीत तो गेला. काम जॉर्ज एव्हरेस्टकडे आलं. शिखराला त्याचं नाव १८६५ मध्ये मिळालं. त्या शिखराची उंची आकडेमोड करून काढणारा गणिती राधानाथ सिकदर होता, आणि एव्हरेस्टची यंत्रं दुरुस्त करणारा अर्काटचा कारागीर सय्यद मीर मोहसीन हुसेन. ही दोन नावं तरी लक्षात ठेवा. टेकड्यांवर झेंडे धरून उभे राहिलेले आणि जंगलातल्या तापाने मेलेले बाकीचे खलाशी तर कुणालाच ठाऊक नाहीत.

दगडावरचा ठिपका

आता आपल्या खेळाच्या जवळ येऊ. कोन जिथून मोजला ती जागा पुन्हा सापडायला हवी ना? म्हणून सर्वेक्षणाच्या ठाण्यावर खडकात किंवा पुरलेल्या दगडावर एक वर्तुळ आणि त्याच्या मधोमध ठिपका कोरत. त्यावर चबुतरा बांधत, आणि खालच्या ठिपक्याच्या बरोबर वर ओळंबा धरून वरच्या दगडावर दुसरा ठिपका. म्हणजे खरी खूण जमिनीखाली लपवलेली, आणि तिचा पत्ता फक्त आकड्यांत.

गोऱ्या साहेबाने रात्रीबेरात्री टेकडीवर दिवे लावायचे, दुर्बिणी रोखायच्या आणि मग दगड पुरून निघून जायचं. गावकऱ्यांना संशय येणारच. कुणाला ती जादू वाटली, कुणाला खाली धन पुरलंय असं वाटलं. काही ठिकाणी लोकांनी ते चबुतरे मोडून खुणा उखडल्या. जिओकॅशिंगवाल्यांचंही हेच दुखणं आहे. खेळ माहीत नसलेल्या माणसाला ते हॅरी पॉटरमधून उचललेला 'मगल' हा शब्द वापरतात, आणि अशा कुणी डबा हलवला की 'मगल' झाला म्हणतात. शब्द नवा, भानगड दोनशे वर्षांची!

नागपूरचा झिरो माईलचा दगड तुम्ही पाहिला असेल. चार घोडे, मधला खांब, सगळे सेल्फी काढतात. तिथे जी.टी.एस. अशी अक्षरं आहेत, म्हणजे ग्रेट ट्रिग्नोमेट्रिकल सर्व्हे. ते याच कामाचं पुढचं नातवंड.

ओरेगॉनची बादली

आता थेट मे २००० मध्ये उडी मारू. तोपर्यंत अमेरिकन लष्कर सामान्य लोकांच्या जीपीएस सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळत होतं. तुमची जागा शंभर मीटरपर्यंत इकडे-तिकडे दिसायची. शंभर मीटर म्हणजे अख्खं वावर! १ मे रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ती चूक बंद करायचं जाहीर केलं आणि त्याच रात्री जगभरातले रिसीव्हर एकदम शहाणे झाले.

३ मे रोजी डेव्ह अल्मर नावाच्या माणसाने ओरेगॉन राज्यात बीव्हरक्रीकजवळच्या रानात एक काळी बादली अर्धवट पुरली. आत वही, पेन्सिल, पुस्तकं, एक गलोल आणि शेंगदाण्यांचा नव्हे, घेवड्याच्या बियांचा एक टिनचा डबा. मग इंटरनेटवर त्याने अक्षांश-रेखांश टाकले. नियम एवढाच: काही घ्या, काही ठेवा, वहीत नोंद करा. तीन दिवसांच्या आत माइक टीग तिथे पोचलासुद्धा. सप्टेंबरमध्ये जेरेमी आयरिशने याची वेबसाइट काढली. आज जगात असे तीस लाखांहून जास्त डबे लपवलेले आहेत.

अर्थात लपवाछपवीची हौस त्याहून जुनी. १८५४ मध्ये इंग्लंडच्या डार्टमूर माळरानावर जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने एका आडवाटेच्या जागी बाटली ठेवली होती. जो पोचेल त्याने आत आपलं कार्ड टाकायचं. साल बघा: तेव्हा आपल्याकडे त्रिकोणांचं काम चालूच होतं.

फोन मात्र कोन मोजत नाही, वेळ मोजतो. वीस हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाकडून सिग्नल यायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर. तीन उपग्रहांनी जागा कळते, चौथा लागतो फोनच्या स्वस्त घड्याळाची चूक काढायला. एका नॅनोसेकंदाची चूक झाली तर जमिनीवर एक फुटाचा फरक पडतो. आणि लॅम्बटनने मोजलेल्या देशाचे आता स्वतःचे उपग्रह आहेत: नाविक. त्यातला पहिला १ जुलै २०१३ ला गेला.

कळंबचं वावर

कळंब म्हणजे चिंतामणीचं गाव. पायऱ्या उतरून जमिनीखाली गेलं की देऊळ आणि कुंड. गावाचा पत्ताही जुना आहे. अकबराच्या काळातल्या ऐन-ए-अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये, म्हणजे तेव्हाच्या जिल्ह्यांमध्ये, कळंबचं नाव येतं. तेव्हा गावाचा पत्ता महसुलावरून लागायचा, अंशांवरून नाही.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत आम्ही अकरा जण हा खेळ खेळलो. आजी, काका-काकू, चुलत-मामे भावंडं आणि पुण्याहून आलेले माझे दोन मित्र. झाकणाचे चार डबे, प्रत्येकात वही आणि पेन्सिल. देऊळ वगळायचं, विहिरीजवळ जायचं नाही, खणायचं नाही, उभ्या पिकात शिरायचं नाही आणि दुसऱ्याच्या वावरात विचारल्याशिवाय पाय टाकायचा नाही, हे आधीच ठरलं. डबे काकांनी लपवले आणि आकडे आम्हाला दिले.

तीन डबे पटापट मिळाले. चौथ्यापाशी बाण नुसता फिरत राहिला. मोकळ्या आकाशाखाली फोन साधारण पाच मीटरपर्यंत नेतो. इथे धुऱ्यावर पळसांची रांग, पलीकडे उंच तूर. वाटेने जाणारे एक बाबा थांबले. "काय हरपलं जी?" डबा शोधतोय म्हटल्यावर तेही शोधायला लागले!

आजी सावलीत बसली होती. आकडे वाचून दाखवत होतो तेवढ्यात म्हणाली, "पोट्टेहो, मोबाईलले काय पुसून राह्यले? ढवळ्याच्या पळसापाशी पाहा नं."

ढवळ्या कोण? आजोबांचा बैल. कापसाच्या बंड्या ओढून म्हातारा झाला तेव्हा विकायचा नाही म्हणून मरेपर्यंत दावणीला ठेवला, आणि गेल्यावर त्या धुऱ्यावर पुरला. काकांनी म्हणूनच ती जागा निवडली होती. डबा तिथेच, बुंध्याच्या मागे होता. पण आम्हा अकरांपैकी हे नाव फक्त दोघांना माहीत होतं. सातबाऱ्यावर त्या जागेला गट नंबर आहे. फोनमध्ये अक्षांश-रेखांश आहेत. 'ढवळ्याचा पळस' कुठेच लिहिलेला नाही.

मला या सगळ्या इतिहासातून हेच दिसतं. आकडा गरजेचा आहे. तो नसता तर एव्हरेस्टची उंची कळली नसती आणि ॲम्ब्युलन्सला वाट सापडली नसती. पण आकडा तुम्हाला शेवटच्या पाच मीटरपर्यंत आणून सोडतो. तिथून पुढे त्या जागेला ओळखणारं माणूस लागतं. लॅम्बटनचे ठिपके जिथे गावाने सांभाळले तिथे टिकले, नाहीतर गेले. नावांचंही तसंच. सांगणारी आजी आहे तोवर पळस ढवळ्याचा. नंतर नुसता पळस.

म्हणून त्या संध्याकाळी आम्ही उरलेला वेळ दुसऱ्याच खेळाला दिला. आजीला बंडीत बसवलं आणि तिने बोट दाखवलं तिथे तिथे थांबलो. प्रत्येक ठिकाणी पिन टाकला आणि तिच्याच आवाजात नाव आणि गोष्ट रेकॉर्ड केली. दिवस मावळेपर्यंत सतरा जागा झाल्या. त्यातल्या चौदांची नावं मी जन्मात ऐकली नव्हती.

तुमच्या पुढच्या सुट्टीत एवढंच करा. डबे लपवा, मजा करा, पण घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस सोबत घ्या. प्रत्येक जागेच्या तीन गोष्टी जपा: आकडा, नाव आणि त्या नावामागची हकिगत. आणि नागपूर-वर्ध्याकडे राहत असाल तर एकदा हिंगणघाटला जाऊन लॅम्बटनच्या कबरीपाशी उभे राहा. खिशातला फोन ज्या वाटेने आला, तिचा एक मुक्काम तिथे आहे.

तुमच्या गावाकडच्या एखाद्या जागेचं असं नाव असेल तर आम्हाला आवाजात पाठवा. निवडक नावं पुढच्या भागात ऐकवू. तोवर, शोधत राहा!