लघुउद्योगांचे तंत्रसंशोधन, सायबर सुरक्षा आणि शासकीय अर्थसाहाय्य : जवळा बाजारच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

जवळा बाजार हे हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. येथे कृषि उत्पन्न बाजार समिती आहे. अशा गावातील आडत दुकानदार, डाळमिल चालक किंवा खत-बियाणे विक्रेता हा पूर्वी वहीखाते सांभाळत असे. २०१६ मध्ये यूपीआय व ई-नाम सुरू झाले, १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि त्याचा हिशेब संगणकाशी जोडला गेला. वही चोरीला जाण्याची भीती क्वचितच होती. संगणकावरील हिशेबाला मात्र दूरदेशीचा चोरही हात घालू शकतो. त्याच्या रक्षणाचे तंत्र कोणी शोधावयाचे व त्या शोधाचा खर्च कोणी सोसावयाचा, हा प्रश्न जितका तांत्रिक तितकाच ऐतिहासिक आहे. लघुउद्योगांच्या तंत्रसंशोधनासाठी शासनाने पैसा कोणत्या मार्गांनी दिला आणि तो कोठे थांबला, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

निजामकालीन आरंभ

जवळा बाजारचा परिसर तेव्हा हैदराबाद संस्थानच्या परभणी जिल्ह्यात होता. निजाम सरकारने १९२९ मध्ये सुमारे एक कोटी रुपयांचा औद्योगिक विश्वस्त निधी उभारला. मोठ्या उद्योगांत भांडवल गुंतविणे आणि लघु व कुटिरोद्योगांस कर्जे देणे ही कामे त्यातून होत. पुढे १९४४ मध्ये संस्थानने हैदराबाद येथे शास्त्रीय व औद्योगिक संशोधनासाठी मध्यवर्ती प्रयोगशाळा स्थापन केली. लघुउद्योगास कर्ज आणि प्रयोगशाळेस संशोधन अशी विभागणी येथेच दिसते. १९५६ मध्ये ही प्रयोगशाळा केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेकडे गेली. त्याच वर्षी राज्यपुनर्रचनेत मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. राजधानी बदलली आणि ज्या शहरात ही संस्था उभी राहिली होती, ते मराठवाड्यासाठी परराज्यातील झाले.

स्वातंत्र्योत्तर धोरण

केंद्र शासनाने १९५४ मध्ये लघुउद्योग विकास संघटना व १९५५ मध्ये राष्ट्रीय लघुउद्योग महामंडळ स्थापन केले. महाराष्ट्रात १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ आले. या यंत्रणांनी लघुउद्योजकास भूखंड, हप्त्याने यंत्रे, प्रशिक्षण व सल्ला दिला. त्यांचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि नवे तंत्र राष्ट्रीय प्रयोगशाळेत जन्मावे आणि लघुउद्योजकाने ते घ्यावे, हे या धोरणाचे गृहीत होते. लघुउद्योजक स्वतः संशोधक असू शकतो, ही कल्पना त्यात अभावानेच आढळते.

१९८६ च्या कायद्याने परदेशी तंत्रज्ञानापोटी दिल्या जाणाऱ्या रकमेवर संशोधन व विकास उपकर बसविण्यात आला. त्याच्या आधारे १९९६ मध्ये तंत्रज्ञान विकास मंडळ स्थापन झाले. स्वदेशी तंत्राच्या व्यापारी उत्पादनास सवलतीचे कर्ज देणे हे त्याचे मुख्य कार्य. परंतु कर्जास तारण लागते, आणि फसलेल्या प्रयोगाचे कर्जही फेडावेच लागते. शिवाय जमा उपकराचा अल्प अंशच मंडळापर्यंत पोहोचला, हे नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी दाखवून दिले. २०१७ मध्ये हा उपकर रद्द झाला.

अमेरिकेचा अनुभव

तुलनेसाठी अमेरिकेचा १९८२ चा कायदा पाहणे उद्बोधक ठरेल. ज्या संघीय खात्यांचा बाह्यसंशोधनावरील खर्च १० कोटी डॉलरहून अधिक होता, त्यांनी त्यातील ठराविक हिस्सा लहान कंपन्यांसाठी राखून ठेवावा, असे बंधन त्या कायद्याने घातले. पहिल्या टप्प्यात कल्पनेची शक्याशक्यता पडताळण्यास लहान अनुदान, दुसऱ्यात विकासासाठी मोठे अनुदान आणि तिसऱ्यात बाजारपेठ, अशी ही रचना होती. अनुदान परत करावयाचे नसल्याने प्रयोग फसण्याची जोखीम शासन उचलत असे. पुढे विषाणुरोधक संगणकप्रणालीसाठी जगभर परिचित झालेल्या सिमँटेकचा आरंभही १९८२ मध्ये तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानच्या अनुदानाच्या साहाय्याने झाला होता. मात्र ते अनुदान सुरक्षेच्या कामासाठी नव्हते. संशोधनाचे फळ नेमके कोठे लागेल हे आधी सांगता येत नाही, हा त्यातील बोध होय.

महाराष्ट्रातील सायबर सुरक्षा

पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झाले आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध झाला. शासकीय निधीचे हे उज्ज्वल यश होते. त्याच दशकात, त्याच शहरात, सातारा जिल्ह्यातील लाळगुणचे कैलास काटकर गणकयंत्रे व संगणक यांच्या दुरुस्तीचे दुकान चालवीत होते. बंधू संजय यांनी लिहिलेल्या विषाणुरोधक प्रणालीतून पुढे क्विक हील ही कंपनी उभी राहिली. तिच्या आरंभीच्या प्रयोगांना आधार होता तो दुरुस्तीच्या मिळकतीचा. २०१० मध्ये मोठे खाजगी भांडवल आले. एकाच शहरातील ही दोन उदाहरणे शासकीय निधीचा ओघ कोणत्या दिशेने होता, हे पुरेसे स्पष्ट करतात.

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मध्ये आला, संगणकीय आपत्तींसाठी सर्ट-इन ही यंत्रणा २००४ मध्ये, तर राष्ट्रीय सायबर सुरक्षा धोरण २०१३ मध्ये. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सायबर हल्ल्याद्वारे सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले. सहकारी बँकांवर विसंबणाऱ्या व्यापाऱ्यांना हा इशाराच होता. २०१८ मध्येच संरक्षण क्षेत्रातील नवउद्योगांसाठी ‘आयडेक्स’ योजना सुरू झाली, आणि सायबर-भौतिक प्रणालींच्या राष्ट्रीय अभियानास ३,६६० कोटी रुपये मंजूर झाले. २०२० मध्ये सायबर सुरक्षेतील नवउद्योगांसाठी ३ कोटी २० लाख रुपयांच्या पारितोषिकांची स्पर्धा जाहीर झाली. लघुउद्योजक संशोधक असू शकतो, हे या योजनांनी मान्य केले, ही स्वागतार्ह बाब आहे. तरीही अभियानाची केंद्रे आयआयटीसारख्या अग्रगण्य संस्थांत वसली.

दुसरीकडे जबाबदारी मात्र सर्वांवर आली. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळविणे बंधनकारक झाले. लघुउद्योगांना अंमलबजावणीसाठी त्याच वर्षी २५ सप्टेंबरपर्यंत मुदतवाढ मिळाली. मुदत मिळाली, साधन मिळाले नाही.

निष्कर्ष

१९२९ पासूनच्या या इतिहासात निधीची कमतरता हा एकमेव दोष नव्हता. याच औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेसाठी केंद्राने २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तो खर्च मूलभूत विज्ञानासाठी सार्थच आहे. ग्रामीण तालुक्यातही संशोधनाचा पैसा येऊ शकतो, हेही त्यावरून सिद्ध होते. उणीव आहे ती लहान रकमेच्या, परतफेडीची अट नसलेल्या आणि निष्फळ प्रयोगाची मुभा देणाऱ्या साहाय्याची. आडत दुकानाचा हिशेब मराठीतून सुरक्षित ठेवणारी अल्पखर्चिक प्रणाली महानगरातील कंपनीस कदाचित फायद्याची वाटणार नाही. जिल्ह्यातील पदवीधरास व महाविद्यालयास ती आपली वाटू शकेल. खात्यांच्या संशोधनखर्चातील निश्चित हिस्सा कायद्याने लघुउद्योगांसाठी राखणे, त्यात ग्रामीण महाविद्यालयांस भागीदार करणे आणि यशस्वी प्रणालीची पहिली खरेदी बाजार समित्या व सहकारी बँकांनी करणे, ही त्या दिशेची तीन पावले ठरतील. संशोधनाची जोखीम सर्वांत दुर्बल घटकावर टाकून सुरक्षेची अपेक्षा करता येत नाही, हेच या इतिहासाचे सार आहे.