मनोरुग्णसेवकांचे प्रशिक्षण : एक प्रशासकीय इतिहास

संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग स्थापन करणारा कायदा संसदेने 2021 साली केला. त्याच्या अनुसूचीत फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ, प्रयोगशाळा तंत्रज्ञ अशा अनेक व्यवसायांची यादी आहे. त्यात वर्तनविषयक आरोग्याच्या गटात एक नाव येते - 'मेंटल हेल्थ सपोर्ट वर्कर'. आपण त्याला मनोरुग्णसेवक म्हणू या. डॉक्टरने औषध लिहून दिल्यानंतर रुग्णाजवळ बसणारा, गोळी घेतली की नाही ते पाहणारा, घरच्यांची समजूत घालणारा, आणि रुग्ण पुन्हा बिघडू लागला तर ते प्रथम ओळखणारा असा हा माणूस. हे काम आपल्या देशात दीडशे वर्षांहून अधिक काळ कोणी ना कोणी करीत आले आहे. व्यवसाय म्हणून कायद्याच्या यादीत त्याचे नाव यायला मात्र एकविसावे शतक उजाडावे लागले.

या माणसाला काय शिकवावे, किती शिकवावे आणि शिकवून झाल्यावर पुढे काय करावे, या तीन प्रश्नांचा आपल्या प्रशासनातील इतिहास मला तपासून पाहावासा वाटला. त्यामागे माझे स्वतःचेही एक कारण आहे. ते पुढे येईलच.

1858 साली वेड्यांच्या इस्पितळांविषयीचा कायदा झाला आणि 1912 साली त्याची जागा 'इंडियन ल्युनसी अॅक्ट'ने घेतली. नागपूर, रत्नागिरी, ठाणे व येरवडा येथील आपली मनोरुग्णालये याच काळातली. या व्यवस्थेत सेवकाचे काम राखणदाराचे होते. रुग्ण पळून जाऊ नये आणि त्याने कोणाला इजा करू नये, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा होती. अपवाद होते. रांचीच्या युरोपीय मनोरुग्णालयात अधीक्षक ओवेन बर्कले-हिल यांनी 1922 साली रुग्णांना हस्तव्यवसाय देण्याचा विभाग सुरू केला. पण तिथेही दारे मुख्यतः युरोपियनांना उघडी होती.

1946 साली भोर समितीचा अहवाल आला. त्यासाठी कर्नल मूर टेलर यांनी देशातील मनोरुग्णालयांची पाहणी केली होती. सगळ्या मिळून सुमारे दहा हजार खाटा, आणि बहुतेक इमारती उपचारासाठी नव्हे तर कोंडून ठेवण्यासाठी बांधलेल्या, असा त्यांचा निष्कर्ष होता. माणसे शिकविणारी संस्था आधी हवी, हे समितीने ओळखले. त्यातून 1954 साली बंगळुरूला अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था उभी राहिली. तीच 1974 साली तेथील मनोरुग्णालयासह 'निम्हान्स' झाली. इकडे मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने 1948 साली वैद्यकीय व मनोरुग्ण समाजकार्याचा विशेष अभ्यासक्रम सुरू केला होता. ही पायाभरणी मोलाचीच. मात्र या संस्थांतून बाहेर पडणारी माणसे थोडी, उच्चशिक्षित आणि मुख्यतः शहरांत राहणारी होती.

तज्ज्ञ नसलेला माणूसही शिकू शकतो, याचा पहिला मोठा पुरावा अमृतसरला मिळाला. 1950च्या दशकात तेथील मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाईकांना आवारात तंबू ठोकून राहू दिले. ते नातेवाईकांशी रोज बोलत, आजार समजावून सांगत. आपल्या माणसाची काळजी कशी घ्यायची हे शिकूनच ते घरी परतत. त्यासाठी कोणताही नवा शासननिर्णय लागला नाही.

पुढचे पाऊल 1975 साली पडले, आणि एकाच वेळी दोन ठिकाणी पडले. चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतील डॉ. नरेंद्रनाथ विग व त्यांच्या सहकाऱ्यांनी हरियाणातील रायपूर रानी या गटात, तर निम्हान्सने बंगळुरूजवळच्या सकलवारा येथे काम सुरू केले. रायपूर रानीचा प्रयोग जागतिक आरोग्य संघटनेच्या सात देशांतील प्रकल्पाचा भाग होता. प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर आणि गावोगाव फिरणारे आरोग्य कर्मचारी यांना मानसिक आजार व अपस्मार ओळखायला शिकवायचे, मोजकी औषधे हाताशी द्यायची आणि रुग्णाला गावातच सांभाळायचे, अशी ही कल्पना. ती चालते असे दिसले. ऑगस्ट 1982 मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम स्वीकारला गेला, तो याच अनुभवाच्या बळावर.

संपूर्ण जिल्ह्यात हे जमेल का, याची परीक्षा 1985 ते 1990 या काळात कर्नाटकातील बेल्लारीत झाली. बेल्लारीचा तपशील प्रशासकाने बारकाईने वाचण्यासारखा आहे. सर्व आरोग्य कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण हा त्याचा फक्त एक भाग. त्याबरोबर सहा आवश्यक औषधे केंद्रे व उपकेंद्रांपर्यंत पोहोचविली गेली, रुग्णांची सोपी नोंदपत्रके ठेवली गेली, दर महिन्याला अहवाल मागविला गेला, आणि तो वाचून कर्मचाऱ्यांना उलट मार्गदर्शन केले गेले. जिल्ह्याच्या ठिकाणी साप्ताहिक बाह्यरुग्ण विभागही चाले. शिकलेला कर्मचारी अडला, तर विचारायला कोणीतरी होते.

1996 साली जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम चार जिल्ह्यांत सुरू झाला आणि 2002 पर्यंत तो 27 जिल्ह्यांत गेला. नंतर ही संख्या शेकड्यांत गेली. या विस्तारात बेल्लारीचे सगळे भाग सारख्या वेगाने पुढे गेले नाहीत. प्रशिक्षण मोजता येते, त्याची छायाचित्रे काढता येतात, खर्चाचे प्रमाणपत्र देता येते. महिन्यातून एकदा उपकेंद्रात जाऊन परिचारिकेशी तिच्या चार रुग्णांविषयी तासभर बोलणे, यासाठी खर्चाचे शीर्ष शोधावे लागते.

हे मी ऐकीव सांगत नाही. 2000 नंतरच्या दशकात उत्तर भारतातील एका जिल्ह्यात असताना अशा प्रशिक्षणांच्या उपयोगिता प्रमाणपत्रांवर मी स्वतः सह्या केल्या आहेत. तीन दिवस, इतके कर्मचारी, इतका भोजनखर्च. उद्दिष्ट शंभर टक्के साध्य. वर्षभराने एका उपकेंद्राच्या तपासणीत मी तेथील परिचारिकेला सहज विचारले, तेव्हा तिने कपाटातून प्रशिक्षणाची पुस्तिका काढून दाखवली. पुस्तिका कोरी करकरीत होती. गावात एक तरुण दोन वर्षे घरात बांधून ठेवलेला आहे, हे तिला ठाऊक होते. त्याला काय झाले असावे, याचा तिचा अंदाजही बरोबर होता. मग काही केले का नाही? ती म्हणाली, "साहब, ट्रेनिंग के बाद तो कोई पूछने ही नहीं आया. अकेले मेरी हिम्मत नहीं हुई." दोष तिचा नव्हता. तिच्या नावापुढे 'प्रशिक्षित' असे लिहून विषय मिटविणाऱ्यांत मी होतो. तो तरुण पुढे जिल्हा रुग्णालयात गेला, पण मधले एक वर्ष त्याला कोणी परत देऊ शकले नाही.

साखळीचा उल्लेख आला की 6 ऑगस्ट 2001 हा दिवस आठवल्यावाचून राहत नाही. तामिळनाडूतील एरवाडी येथे एका आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले पंचवीसहून अधिक मनोरुग्ण जळून मेले. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तपासण्या झाल्या, परवान्यांची चर्चा झाली. रुग्णाला न बांधता कसे सांभाळावे हे तिथल्या राखणदारांना कोणी शिकविणार होते का, हा प्रश्न त्या मानाने कमी विचारला गेला.

गेल्या पंधरा-सोळा वर्षांतील सर्वांत आश्वासक अनुभव आपल्या शेजारच्या गोव्याचा आहे. 'संगत' या संस्थेच्या पुढाकाराने तेथील 24 आरोग्य केंद्रे व दवाखान्यांत झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2010 साली प्रसिद्ध झाले. आरोग्यसेवेची पार्श्वभूमी नसलेल्या स्थानिक महिलांना सुमारे दोन महिने शिकवून समुपदेशक नेमले होते. सरकारी केंद्रांत नैराश्य व चिंतेचे रुग्ण बरे होण्याचे प्रमाण त्यामुळे लक्षणीय वाढले. खासगी दवाखान्यांत तसा फरक दिसला नाही. संस्थेच्या पुढील कामात समुपदेशक आपल्या संभाषणांचे ध्वनिमुद्रण एकमेकांसमोर ठेवून गुणदोष तपासू लागले. आपल्या जुन्या कारागिरांत याला उमेदवारी म्हणत. शिकाऊ माणूस जाणत्याच्या नजरेखाली काम करतो आणि हळूहळू स्वतः जाणता होतो.

आता 2021च्या कायद्याकडे परत येऊ. या कायद्यानुसार मान्यताप्राप्त व्यावसायिक ठरायचे तर किमान 2,000 तासांचे, दोन ते चार वर्षांचे पदविका किंवा पदवी शिक्षण हवे. दर्जाच्या दृष्टीने हे योग्यच आहे. पण मला एक भीती वाटते. काल आपण तीन दिवसांवर भागवीत होतो; उद्या वर्गातले दोन हजार तास पूर्ण केलेला विद्यार्थी बाहेर पडेल आणि वर्षानुवर्षे वॉर्डात रात्री जागलेला सेवक अपात्र ठरेल. दोन्ही वेळा मोजले जाणार ते तासच.

म्हणून काही साध्या सूचना कराव्याशा वाटतात. प्रत्येक प्रशिक्षणाच्या अंदाजपत्रकात पुढील किमान एक वर्षाच्या देखरेखीचा खर्च वेगळा दाखवावा. तो नसेल तर प्रशिक्षणाला मंजुरी देऊ नये. अहवालात किती जणांना शिकविले याबरोबर, वर्षानंतर त्यांच्या नोंदवहीत किती रुग्ण आहेत हेही विचारावे. आणि अनुभवी सेवकांना त्यांच्या कामाच्या वर्षांचे श्रेय देऊन पदविकेपर्यंत जाण्याची वाट ठेवावी.

2017च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने पुरेसे मनुष्यबळ उभे करण्यासाठी शासनाला दहा वर्षांची मुदत दिली. कायदा 29 मे 2018 रोजी लागू झाला, म्हणजे ती मुदत 2028 साली संपते. त्या दिवशीही आकडे तयार असतील, याविषयी मला शंका नाही. तसे आकडे मीही एकेकाळी दिलेले आहेत. वाचकांपैकी कोणी आज जिल्ह्यात काम करीत असेल, तर त्याने पुढच्या उपयोगिता प्रमाणपत्रावर सही करण्यापूर्वी एखाद्या उपकेंद्रात जाऊन तेवढे कपाट उघडून पाहावे.