इन्सुलिन टोचण्याची साधने आणि त्यांच्या सूचना : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

इन्सुलिनचा इतिहास बहुधा शोधाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. टोरांटोमधील प्रयोगशाळा, बँटिंग आणि बेस्ट यांचे प्रयोग, कॉलिप यांनी केलेले शुद्धीकरण आणि १९२३ चे नोबेल पारितोषिक असा त्याचा ठरलेला क्रम आहे. हे औषध ज्या साधनांद्वारे रुग्णाच्या शरीरात पोहोचले, त्यांकडे त्या मानाने दुर्लक्षच झाले. प्रस्तुत लेखात या साधनांचा विचार एका मर्यादित प्रश्नाच्या अनुषंगाने केला आहे. औषधाची मात्रा घेतली गेली की नाही आणि किती घेतली गेली, हे साधनाने रुग्णाला कसे कळविले? आणि एकाच रुग्णाजवळ अशी अनेक साधने आली, तेव्हा कळविण्याची जबाबदारी कोणाकडे गेली?

११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटो येथे लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिले इंजेक्शन दिले गेले, ते रुग्णालयात आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली. परंतु मधुमेह हा आयुष्यभराचा सोबती असल्याने सिरिंज लवकरच घरी आली आणि रुग्ण स्वतःच स्वतःचा परिचारक झाला. काचेच्या सिरिंजवरील रेघांखेरीज त्याला सांगणारे काही नव्हते. त्या रेघाही फसव्या होत्या. ब्रिटनमधील प्रमाणित सिरिंजवर दर मिलिलिटरला वीस खुणा असत. इन्सुलिन चाळीस शक्तीचे असल्यास एक खूण म्हणजे दोन युनिट, ऐंशी शक्तीचे असल्यास चार युनिट. डॉक्टरांनी सांगितलेला आकडा युनिटांचा की खुणांचा, हा गोंधळ त्यामुळे अटळ होता. १९८३ मध्ये तेथे शंभर शक्तीचे इन्सुलिन आणि युनिटांतच खुणा असलेली सिरिंज आली आणि हा गुणाकार रुग्णाच्या डोक्यावरून उतरला. म्हणजे साठ वर्षे साधन मुके होते आणि हिशेब माणसाचा होता.

१९८५ मध्ये नोव्हो या डॅनिश कंपनीने पेनच्या आकाराचे साधन बाजारात आणले. पुढच्या पिढीतील पेनांमध्ये चकती फिरवून मात्रा निश्चित करता येऊ लागली आणि प्रत्येक पायरीला ‘टक्’ असा आवाज येऊ लागला. साधनाने रुग्णाशी केलेला हा पहिला संवाद म्हणावा लागेल. तथापि तो आवाज चकती फिरल्याचे सांगतो, औषध शरीरात गेल्याचे नव्हे. केवळ आवाज मोजून मात्रा ठरवू नये, अशी सूचना पेनांच्या माहितीपत्रकांत आढळते, ती उगीच नाही.

खरा प्रश्न स्मृतीचा होता. जेवणापूर्वी रुग्णाला शंका येते की आपण इन्सुलिन घेतले की नाही. घेतले नसेल आणि राहून गेले, तर रक्तशर्करा वाढते. घेतले असेल आणि पुन्हा घेतले, तर ती घसरून शुद्ध हरपण्याची, प्रसंगी प्राणावर बेतण्याची भीती. एलाय लिली कंपनीच्या २००७ मधील ‘ह्युमापेन मेमॉयर’ या पेनाने शेवटच्या सोळा मात्रांची तारीख, वेळ व प्रमाण नोंदविण्याची सोय केली. परंतु अनेक रुग्ण दोन पेन बाळगतात : एक जेवणाआधीच्या जलद इन्सुलिनचे, दुसरे दिवसभर पुरणाऱ्या संथ इन्सुलिनचे. रात्री झोपताना संथ इन्सुलिनची वीस युनिटे घ्यावयाची असता हाती जलद इन्सुलिनचे पेन आले, तर स्मृतियुक्त पेन त्या चुकीची बिनचूक नोंद तेवढी करील. एका पेनाला दुसऱ्याचे अस्तित्वच ठाऊक नसते.

बिनतारी जोडणीमुळे हा प्रश्न सुटेल अशी अपेक्षा होती. अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळालेले ‘इनपेन’ ब्लूटूथद्वारे फोनला प्रत्येक मात्रा कळविते आणि शरीरात अद्याप किती इन्सुलिन कार्यरत आहे याचा अंदाज फोन देतो. परंतु हे पेन जलद इन्सुलिनपुरतेच आहे. संथ इन्सुलिनची आठवण फोन करून देतो खरा, पण ते घेतल्याची नोंद रुग्णाच्याच बोटांवर सोडलेली आहे.

पंपांच्या बाबतीत समन्वयाची मजल पुढे गेली, पण अडचण उलट दिशेने आली. २०१८-१९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने परस्परांशी जोडता येणारे संवेदक, पंप आणि नियंत्रक प्रणाली यांचे स्वतंत्र वर्ग मान्य केले. त्यामुळे एका कंपनीचा संवेदक दुसऱ्या कंपनीच्या पंपाशी अधिकृतपणे बोलू लागला. साखर घसरताच आता पंपही वाजतो आणि फोनही, आणि एकाला गप्प केले तरी दुसरा गप्प होतोच असे नाही. रुग्णालयांना हा अनुभव जुना आहे. अमेरिकेतील जॉइंट कमिशनने २०१३ मध्ये गजरांशी संबंधित ९८ घटनांची नोंद दिली, ज्यांपैकी ८० मध्ये रुग्ण दगावले होते. सततच्या गजरांना कान सरावणे हे त्यामागील एक कारण होते. म्हणून समन्वय म्हणजे सर्व साधनांनी एकदम बोलणे नव्हे. कोणी बोलावे, कोणी थांबावे आणि जोडणी तुटल्यास कोणी पुन्हा बोलू लागावे, हे आधीच ठरलेले असणे म्हणजे समन्वय.

जोडणी तुटल्यास काय होते, हे २०१९ च्या नोव्हेंबरअखेर दिसले. डेक्सकॉम कंपनीची दूरस्थ निरीक्षणाची सेवा खंडित झाली. मुलांच्या रक्तशर्करेचे इशारे आपल्या फोनवर येतील या भरवशावर असलेल्या पालकांना ते आले नाहीत. संवेदक चालू होते आणि रुग्णाच्या स्वतःच्या यंत्रावर आकडे दिसत होते. बंद पडला होता तो दुसऱ्या खोलीतील वा दुसऱ्या गावातील माणसापर्यंतचा दुवा. फोन वाजला नाही म्हणजे सर्व ठीक आहे, असा अर्थ त्यांनी लावला, आणि त्यात त्यांचा काय दोष? शांतता ही सुरक्षिततेची की बिघाडाची, हे सांगण्याची सोय ज्या यंत्रणेत नाही, तिला काचेच्या सिरिंजहून फारशी बोलकी म्हणता येणार नाही.

भारतापुरते पाहता, येथे हा सारा इतिहास एकाच वेळी नांदतो. कुपीतील इन्सुलिन बहुधा चाळीस शक्तीचे, पेनच्या कार्ट्रिजमधील शंभर शक्तीचे. सिरिंजाही दोन प्रकारच्या, लाल आणि नारिंगी टोपणाच्या. शंभर शक्तीचे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये भरले, तर दहाच्या खुणेला पंचवीस युनिटे जातात. उलट अदलाबदल झाल्यास चारच. घरी पेन आणि प्रवासात वा गावी गेल्यावर कुपी अशी सांगड घालणाऱ्या रुग्णाची सिरिंजमधून घेतलेली मात्रा कोणत्याही पेनाच्या स्मृतीत उमटत नाही.