हृदयाचा पंप आणि नळीची जागा

सोलापुराजवळचा एकरुखचा तलाव आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. हिपरग्याचा तलाव म्हणून जो ओळखला जातो तोच हा. आदिला नदीस बांध घालून तो १८७१ सालीं पुरा करण्यांत आला. त्याचे कालवे एकाच पातळीवरून काढलेले नाहींत. उंचावरील कालव्यांस तलाव भरलेला असेपर्यंतच पाणी मिळावें आणि खालच्या कालव्यास बाराहि महिने मिळावें, अशी ती योजना. बांध तोच, पाणीहि तेंच. परंतु तोंड कोठें ठेविलें ह्यावर कोणाचें शेत केव्हां भिजावयाचें हें ठरलें. थकलेल्या हृदयास यांत्रिक पंपाची जोड देऊं पाहणाऱ्या शस्त्रवैद्यांसहि असाच प्रश्न सोडवावा लागला. त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

अर्ध्या तासांत हृदयांतून जाणारें रक्त शरीरांतील एकंदर रक्ताहून अधिक भरतें, म्हणजे तेंच रक्त फिरून फिरून येत असलें पाहिजे, असा हिशेब हार्वे ह्या इंग्रज वैद्यानें १६२८ सालीं मांडला. तेव्हांपासून हृदय हा एक पंप आहे हें लोकांस पटूं लागलें. दुसरा पंप करणें मात्र फार पुढची गोष्ट. १९३४ च्या सुमारास अमेरिकेंत डिबेकी नांवाच्या तरुण डॉक्टरानें रोग्यास रक्त देण्याकरितां एक सुधारलेला पंप पुढें आणला. वांकविलेल्या रबरी नळीवरून रूळ फिरावयाचे आणि रक्त पुढें सरकावयाचें. अशाच रुळांच्या पंपावर चालणारें यंत्र वापरून गिबन यांनीं ६ मे १९५३ रोजीं फिलाडेल्फिया येथें उघड्या हृदयाची शस्त्रक्रिया यशस्वी केली.

हें काम कांहीं मिनिटांचें होतें. दिवसेंदिवस चालणारा पंप बसवावयाचा तर रक्त घ्यावें कोठून आणि सोडावें कोठें? १९६३ सालीं ह्यूस्टन येथें लिओट्टा व क्रॉफर्ड यांनीं डाव्या बाजूच्या वरच्या कप्प्यांतून रक्त घेऊन तें छातींतून खालीं उतरणाऱ्या महारोहिणींत सोडलें. रोगी चार दिवसांनीं दगावला. १९६६ सालीं डिबेकी यांनींहि वरच्याच कप्प्यांतून रक्त घेतलें, मात्र सोडलें तें काखेंतील रोहिणींत. दहा दिवसांनीं पंप काढला आणि ती बाई बरी होऊन घरीं गेली.

वरचा कप्पा निवडण्यांत सोय होती, कारण खालच्या कप्प्याचा जाड स्नायु कापावा लागत नसे. परंतु जो थकलेला तो खालचाच कप्पा. त्याचा भार ह्या रीतीनें पुरता उतरत नाहीं आणि रक्त त्यांत रेंगाळतें. म्हणून पुढच्या बहुतेक पंपांत नळी थेट खालच्या कप्प्याच्या टोंकांत बसवूं लागले. अशाच एका पंपाची १२९ रोग्यांवर कसोटी घेऊन तिचा निष्कर्ष २००१ सालीं प्रसिद्ध झाला. वर्षाअखेर पंप लावलेल्यांपैकीं शेंकडा ५२ जिवंत होते, आणि केवळ औषधांवर असलेल्यांपैकीं शेंकडा २५.

टोंक ठरलें तरी दिशा राहतेच. नळीचें तोंड वरच्या व खालच्या कप्प्यांमधील झडपेकडे असावें. तें मधल्या पडद्याकडे कललें तर पंपाच्या ओढीनें तो पडदाच तोंडावर येऊन बसतो आणि प्रवाह घटतो. तेथें पंपाचा वेग वाढविणें म्हणजे ओढ अधिकच वाढविणें. सोडणाऱ्या नळीचेंहि तसेंच आहे. ती वर जाणाऱ्या महारोहिणीस जोडली तर प्रवाह नैसर्गिक वाटेच्या पुष्कळ जवळ राहतो. खालीं उतरणाऱ्या भागास जोडली तर मस्तकाकडील रक्तास उलट वर चढावें लागतें आणि महारोहिणीच्या मुळाशीं रक्त थबकतें. तलावाच्या ज्या कोपऱ्यांत प्रवाह पोंचत नाहीं तेथें शेवाळ धरतें, तशी येथें गुठळी धरते. तीच सुटून मेंदूंत गेली कीं पक्षघात. तरीहि पूर्वीं छाती उघडलेल्या रोग्यांत पुन्हां तोच मार्ग धोक्याचा असल्यास शस्त्रवैद्य ही दुसरी वाट पतकरतात, आणि तें मला योग्यच वाटतें.

पंप चांगला असून वाट आडवी आल्याचें एक उदाहरण आपल्याकडेंहि घडलें आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्या गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयांत शिकले, त्यास जोडलेल्या मुंबईच्या केईएम रुग्णालयांत १७ फेब्रुवारी १९६८ रोजीं डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीं भारतांतील पहिलें हृदयारोपण केलें. रोगी कांहीं तासच जगला. फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांचा विरोध फार वाढलेला होता आणि नव्या हृदयाच्या उजव्या बाजूस तो पेलला नाहीं. डाव्या बाजूच्या पंपासहि हीच अडचण येते. उजव्या बाजूनें रक्त फुप्फुसांतून पार केलें नाहीं तर त्यानें ओढावें काय?

म्हणून आतां छाती मिटण्यापूर्वींच, अन्ननलिकेंत उतरविलेल्या ध्वनिलहरींच्या उपकरणानें नळीचें तोंड कोणीकडे आहे, मधला पडदा कोणत्या बाजूस झुकला आहे आणि उजवी बाजू फुगली आहे काय हें पडद्यावर पाहतात, आणि त्या मानानें पंपाचा वेग ठरवितात.