पेट्रोल, फियाट आणि चुकीचा हिशेब

पेट्रोल महागलं की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं. सोसायटीच्या आवारात कव्हर घालून एखादी जुनी फियाट उभी असते आणि तिच्याकडे बघत कुणीतरी म्हणतंच, "आता तरी काढून टाका हो ती!" १९७३ चं तेलसंकट, १९७९ चं इराण, १९९० चं कुवेत आणि मे २०२१ मध्ये मुंबईत लिटरने ओलांडलेली शंभरी, एवढं सगळं होऊन गेलं. तरी अशा काही गाड्या अजून उभ्या आहेत, रविवारी फिरतातही. हा नुसता हट्ट आहे का? मला तसं वाटत नाही. जुनी गाडी ठेवणारा माणूस पेट्रोलचा हिशेब पक्का करतो. चुकतो तो बघणाऱ्यांचा हिशेब, आणि आता सरकारचाही.

थोडं मागून सुरुवात करू. वालचंद हिराचंद हे सोलापूरचे. जहाज, विमान आणि मोटार हे तिन्ही धंदे या देशात उभे करायचेच, असा या माणसाचा ध्यास होता. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या डॉज आणि प्लिमथ जुळवल्या गेल्या, मग इटलीच्या फियाटशी करार झाला. पन्नाशीच्या दशकातली ती गोलमटोल ११००, जिला आपण प्रेमाने 'डुक्कर फियाट' म्हणतो, तिथलीच. १९६४ ला डिलाइट आली. पुढे फियाटचं नाव उतरलं, गाडी काही काळ प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी. कागदावर काहीही असो, लोक शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले. १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टेअरिंगजवळ, पुढची सीट सलग, आणि थंडीच्या दिवसांत चोक ओढल्याशिवाय न उठणारा स्वभाव.

याच फियाटची एक गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते, पण इथे सांगायलाच हवी. पंतप्रधान झाल्यावर लालबहादूर शास्त्रींनी घरच्यांच्या आग्रहाखातर १९६४ ची फियाट घेतली. किंमत १२,००० रुपये, खात्यात ७,०००. उरलेल्या ५,००० साठी पंजाब नॅशनल बँकेकडून कर्ज. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला ते गेले आणि ते कर्ज ललिताजींनी पेन्शनमधून फेडलं. ती गाडी आज दिल्लीतल्या त्यांच्या स्मारकात आहे. गंमत म्हणजे कुर्ल्यातला तो कारखाना ज्या रस्त्यावर होता, त्या जुन्या आग्रा रोडचं नाव पुढे लालबहादूर शास्त्री मार्ग झालं. एलबीएस मार्गावर ट्रॅफिकमध्ये अडकाल तेव्हा आठवा.

आता १९७३. ऑक्टोबरमध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटलं, अरब देशांनी तेल रोखलं, आणि काही महिन्यांत पिंपाचा भाव ३ डॉलरच्या आसपासून १२ डॉलरच्या जवळ गेला. आपल्याकडे इंदिरा गांधींच्या सरकारने पेट्रोलचे दर वाढवले. १२ नोव्हेंबर १९७३ ला अटलबिहारी वाजपेयी निषेध म्हणून बैलगाडीतून संसदेत गेले. तो फोटो आजही दर दरवाढीला व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. फिरवणारे कोण, हे त्या वेळी सत्तेत कोण आहे यावरून ठरतं, ते सोडा.

त्या दिवसांत फियाटवाल्यांनी गाड्या का विकल्या नाहीत? प्रेमापोटी, असं आज आपण म्हणतो. मला ते फारसं पटत नाही. तेव्हा नवी गाडी म्हणजे नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. मोटारींच्या किमती सरकार बांधून द्यायचं. त्या किमतींचा वाद तर प्रीमियरने थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला होता, १९७१ मध्ये त्याचा निकाल लागला. अशा काळात हातातली गाडी विकली की दुसरी कधी मिळेल याची खात्री नाही. पेट्रोल महाग झालं तर माणूस गाडी कमी चालवेल, विकेल कशाला? ऑफिसला लोकल किंवा बेस्ट; गाडी बाहेर निघणार ती लग्नाला, दवाखान्याला आणि उन्हाळ्यात गावी जायला. 'कमी चालवायची पण ठेवायची' ही सवय तेव्हाच्या टंचाईतून आली. प्रेम हे नाव तिला मागाहून मिळालं.

खरा फटका बसला मोठ्या अमेरिकन गाड्यांना. डॉज, प्लिमथ, शेवरोले इंपाला. पेट्रोल पिणाऱ्या या धुडांना कोण पोसणार? मग अनेकांनी एक उपाय केला. गाडीचं मूळ पेट्रोल इंजिन काढलं आणि तिच्या पोटात डिझेल इंजिन बसवलं. आवाज ट्रॅक्टरसारखा, धूर विचारू नका, पण गाडी वाचली. नाहीतर त्यातल्या कितीतरी गाड्या तेव्हाच भंगारात गेल्या असत्या. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

१४ डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० ची पहिली गाडी रस्त्यावर आली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, अ‍ॅव्हरेज फियाटच्या दीडपट तरी, आणि सकाळी एका चावीत चालू. इथून फियाट ठेवणं ही मजबुरी राहिली नाही, तो निर्णय झाला. ज्यांना रोज चालवायची होती त्यांनी हळूहळू मारुती घेतली, आणि ते योग्यच केलं. ज्यांनी फियाट ठेवली त्यांनी तिचं काम बदललं. रोजची गाडी रविवारची झाली.

आता हा रविवारचा हिशेब बघा. दर आठवड्याला १५ किलोमीटरची एक फेरी धरली तर वर्षाला झाले साधारण ८०० किलोमीटर. फियाटचं अ‍ॅव्हरेज ११-१२ धरा. वर्षाला लागलं ७० लिटर पेट्रोल. लिटरला १०३ रुपयांनी सात हजार दोनशे. उद्या भाव लिटरमागे दहा रुपयांनी वाढला, तर वर्षाचा भुर्दंड किती? सातशे रुपये. चौघांच्या कुटुंबाचं एक हॉटेलचं बिल. रोज पन्नास किलोमीटर बाइक हाणणाऱ्या डिलिव्हरीच्या पोराला तेच दहा रुपये कितीतरी जास्त बोचतात, आणि दरवाढीवर बोलायचं तर आधी त्याच्या वतीने बोललं पाहिजे. फियाटवाल्याला भावाची झळ लागते ती किलोमीटरवर, आणि किलोमीटर त्याच्याच हातात असतात. पन्नास वर्षं गाड्या टिकल्या त्या याच साध्या गणितावर.

भावाबद्दल तक्रार करायला जागा आहेच, नाही असं नाही. जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर सरकारी नियंत्रणातून सुटले, जून २०१७ पासून रोज बदलायला लागले. आपल्या राज्याने २०१५ मध्ये दुष्काळासाठी म्हणून लिटरमागे दोन रुपये लावले. नंतर पाऊस चांगला झाला, ते दोन रुपये काही लगेच आटले नाहीत. परभणीकरांचं दुःख तर वेगळंच. डेपो लांब, वाहतूक खर्च जास्त, म्हणून राज्यात पेट्रोल कुठे सगळ्यात महाग, या बातमीत परभणीचं नाव ठरलेलं.

पण जुन्या गाडीवर आज जे संकट आहे ते दराचं नाही. पंपाच्या नळीतून काय येतं, याचं आहे.

पेट्रोल बदलण्याची ही पहिली वेळ नव्हे. पूर्वीच्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं. माणसांच्या, त्यातही लहान मुलांच्या तब्येतीला ते घातक, म्हणून एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळायला लागलं आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसंवालं पेट्रोल बंदच झालं. जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्ह सीटना शिशाचा आधार असायचा. तो गेला तेव्हा मिस्त्रींनी हेड उतरवून सीट बदलल्या आणि गाड्या पुढे चालल्या. निर्णय शंभर टक्के योग्य होता. त्याबद्दल रडणारा फियाटवाला मला तरी भेटलेला नाही.

आता आलंय इथेनॉल. २०२३ पासून टप्प्याटप्प्याने २० टक्के मिश्रण आलं, ज्याला ई-२० म्हणतात. आधी २०३० चं उद्दिष्ट होतं, ते अलीकडे ओढून २०२५ मध्ये गाठलं. त्यामागची कारणं खोटी नाहीत. तेलाची आयात कमी होते, परकीय चलन वाचतं, कारखान्यांकडे पैसा येतो आणि उसाच्या बिलाची वाट बघणाऱ्या शेतकऱ्याला आशा वाटते. सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला याविरुद्ध बोलताना दहादा विचार करावा लागतो. इथे इतिहासाने एक गंमत करून ठेवलीय. फियाट कुर्ल्यात बनवणारे वालचंद हे साखरेतलेही मोठे नाव. नाशिक जिल्ह्यातलं रावळगाव आणि इंदापूरजवळचं वालचंदनगर, दोन्ही साखर कारखाने त्यांनीच १९३० च्या दशकात उभे केले. त्यांच्या एका धंद्याचा माल आज त्यांच्या दुसऱ्या धंद्याच्या मालाला पचत नाहीये.

पचत नाही म्हणजे काय? एक, इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा साधारण एक तृतीयांशाने कमी असते. नीती आयोगाच्याच २०२१ च्या अहवालात म्हटलंय की साध्या पेट्रोलसाठी बनलेल्या आणि ई-१० ला जुळवून घेतलेल्या चारचाकीचं अ‍ॅव्हरेज ई-२० वर ६ ते ७ टक्क्यांनी घटू शकतं. फियाट तर ई-१० लाही कुणी जुळवलेली नाही. तरी वर्षाला ७० लिटर जाळणाऱ्याला हे चार-पाच लिटर जड नाहीत. अडचण दुसरीच आहे. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं, आणि जुन्या पद्धतीचे रबर, डायफ्रॅम, गॅसकिट खराब करतं. रोज धावणाऱ्या गाडीत पेट्रोल येतं आणि जळून जातं. रविवारच्या गाडीत तेच पेट्रोल आठवडेच्या आठवडे टाकीत आणि कार्ब्युरेटरच्या वाटीत पडून राहतं. त्यात मुंबई-कोकणचा चार महिन्यांचा पावसाळा.

म्हणजे बघा, 'कमी चालवा आणि ठेवा' या ज्या सवयीने गाडी १९७३ पासून तारली, तीच सवय आता तिला आतून खातेय.

मंत्रालयाचं २०२५ चं म्हणणं असं की काही जुन्या गाड्यांत २०-३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग बदलावे लागतील, खर्च फार नाही. रोजच्या गाडीला हे लागू असेलही. पण वर्षाला ८०० किलोमीटर चालणारी गाडी २०,००० किलोमीटर गाठायला २५ वर्षं घेईल. तोवर तिचं रबर थांबणार आहे का? सरकार किलोमीटर मोजतंय; या गाडीचं नुकसान महिन्यांत होतंय. इथेनॉल नसलेलं पेट्रोल निवडायची सोय असावी, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली होती, ती १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली गेली. माझं मत विचाराल तर सगळ्या पंपांवर वेगळं पेट्रोल मागणं अवास्तव आहे. जिल्ह्याला एका पंपावर, हवं तर महाग दराने, ते ठेवायला काय हरकत आहे? महाग दर देणारी माणसं आहेत, वरचा हिशेब तेच सांगतो.

आणि मग कागद. १५ वर्षांवरच्या खासगी गाडीच्या पुनर्नोंदणीची फी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० झाली. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने २० वर्षांवरच्या कारसाठी ती १०,००० झाली. वर आपल्या राज्याचा पर्यावरण कर वेगळा. दुसरीकडे जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी नियम केले, आणि ते चांगलेच आहेत: वेगळी 'व्हीए' नंबर प्लेट, दहा वर्षांची नोंदणी, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि पेट्रोल भरायला रस्त्यावर आणायची मुभा. अट एवढीच की पहिल्या नोंदणीला ५० वर्षं पूर्ण हवीत.

इथेच पद्मिनी लटकते. १९७४ ची असेल तर ती व्हिंटेज. १९८५ ची असेल तर अजून दहा वर्षं ती फक्त 'जुनी गाडी', म्हणजे दंडाला पात्र. जिच्यातून मुंबईच्या दोन-तीन पिढ्या फिरल्या ती टॅक्सी तर या नियमात कधीच बसणार नाही, कारण नियम खासगी गाड्यांपुरता आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि २० वर्षांची मर्यादा संपून ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीला रस्त्यावरून उतरली. एक तरी जपून ठेवा, असं टॅक्सी संघटना म्हणत होती.

मघाशी म्हटलं होतं ना, डिझेल इंजिनवाल्या अमेरिकन गाड्या परत येतील म्हणून? व्हिंटेज नियमाची दुसरी अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नको. म्हणजे पेट्रोल परवडेना म्हणून ज्याने १९७४ मध्ये इंजिन बदलून आपली इंपाला भंगारातून वाचवली, त्याच्या नातवाला आज 'व्हीए' प्लेट मिळणार नाही. त्याने आजोबांचं ते डिझेल इंजिन उतरवायचं, कुठून तरी मूळ पेट्रोल इंजिन शोधून आणायचं, ते बसवायचं, आणि मग त्यात ई-२० भरायचं.

ज्यांच्याकडे फियाट आहे त्यांच्यासाठी, कुठल्याही जाणत्या मिस्त्रीला विचारलंत तर तो सांगेल तेवढंच: पंपापासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या रबरी नळ्या आणि पंपाचा डायफ्रॅम आताच बदलून घ्या, आणि महिनोन्महिने तेच पेट्रोल टाकीत ठेवू नका. पावसाळ्याआधी टाकी रिकामी करून घेतलीत तर उत्तम.