अर्ध्या वचनात

मराठीत एखाद्या आज्ञाधारक माणसाचे वर्णन करताना ‘तो अमक्याच्या अर्ध्या वचनात असतो’ असे म्हणतात. हुकूम पुरता तोंडाबाहेर पडण्याआधीच ऐकणाऱ्याने तो ओळखावा आणि कामाला लागावे, हा या वाक्प्रचाराचा अर्थ. संगणकाच्या इतिहासात हीच गोष्ट एका कळीच्या रूपाने आली. काळ्या पडद्यावर अर्धा शब्द टंकून टॅबची कळ दाबली की उरलेला शब्द यंत्र लिहिते. रोज संगणकाला टंकून आदेश देणाऱ्यांच्या बोटांना ही सोय इतकी सरावाची झाली आहे की तिला इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. इतिहास मात्र आहे, आणि त्याच्या तळाशी असलेला प्रश्न आपल्याला परका नाही. अर्ध्यावरून पुरते ओळखायचे कसे, आणि ओळखता येत नसेल तर थांबायचे कुठे, हा तो प्रश्न.

हा प्रश्न समजून घ्यायला महाराष्ट्राच्या नकाशावरची दोन नावे पुरेशी आहेत. एक प्रवरेकाठचे अकोले, सह्याद्रीच्या कुशीतला तालुका. दुसरे वऱ्हाडातले अकोला, जिल्ह्याचे ठिकाण. ‘अकोल’पर्यंत दोन्ही नावे एकच आहेत. फरक आहे तो शेवटच्या मात्रेचा आणि कान्याचा. बोलताना तर तोही उरत नाही, कारण विभक्तीचा प्रत्यय लागला की दोन्ही नावांचे सामान्यरूप एक होते: ‘अकोल्याला गेलो’, ‘अकोल्यात राहतो’. ऐकणारा मग विचारतो, ‘कोणत्या? नगरच्या की वऱ्हाडातल्या?’ हा प्रतिप्रश्न आपण सहज करतो. यंत्राला तो करायला शिकवावा लागला.

लिहिणाऱ्याची सोय, वाचणाऱ्याची स्मृती

अर्धे लिहून काम भागवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. मोडी कागदांत वारंवार येणारे शब्द पुरते लिहीत नसत. पहिले अक्षर आणि पुढे दोन उभ्या रेघा, एवढ्यावर कारकून मोकळा होई. ‘बु॥’ म्हणजे बुद्रुक, ‘खु॥’ म्हणजे खुर्द. पुढे देवनागरी पत्रव्यवहारात ‘रा. रा.’, ‘सा. न. वि. वि.’ आणि पत्त्यातले ‘मु. पो.’, ‘ता.’, ‘जि.’ ही संक्षिप्त रूपे रूढ झाली. या सगळ्यांत शब्द पुरा करण्याचे काम वाचणाऱ्याकडे असे. त्याच्या डोक्यात संभाव्य शब्दांची यादी तयार असायची आणि संदर्भ पाहून तो त्यातला एक निवडायचा.

बुद्रुक आणि खुर्द हे शब्दही याच अडचणीतून आले. फारसीतल्या ‘बुजुर्ग’ म्हणजे थोरला आणि ‘खुर्द’ म्हणजे धाकटा या शब्दांनी महसुली दप्तरात एकाच नावाची दोन गावे वेगळी केली. अकोले तालुक्यात कळस बुद्रुक आणि कळस खुर्द आहेत. नाव तेच ठेवून मागे एक खूण जोडायची, हा त्या काळचा उपाय होता.

विसाव्या शतकात या अडचणीवर वेगळा उपाय निघाला, तो टपाल खात्यात, आणि तोही एका मराठी माणसाच्या हातून. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिन कोड सुरू झाला. त्याची आखणी करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय दळणवळण मंत्रालयातले अधिकारी होते, आणि संस्कृत कवी म्हणूनही ते ओळखले जातात. सारख्या नावांची गावे, नाना भाषांत लिहिलेले पत्ते आणि अपुरे पत्ते यांतून पत्रांची वर्गवारी सोपी करणे हा पिन कोडचा हेतू होता. त्यातला पहिला अंक देशाचा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून वर्गवारीचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन वाटप करणारे टपाल कार्यालय दाखवतात. अकोल्याचा, म्हणजे प्रवरेकाठच्या अकोल्याचा, पिन ४२२६०१. वऱ्हाडातल्या अकोल्याचा ४४४००१. नावांत जो फरक शेवटच्या चिन्हावर उघड होतो, तो पिनमध्ये दुसऱ्याच अंकावर उघड होतो. पिनच्या लेखी अकोले नगरच्या ४१४ मध्येही नाही. ते नाशिकच्या ४२२ मध्ये आहे. पत्राची वाट ठरवताना जिल्ह्याच्या नकाशापेक्षा टपालाचा रस्ता महत्त्वाचा धरला, हे त्या तीन अंकांतून दिसते.

अंकांची ही उतरंड डावीकडून वाचत गेले की प्रत्येक अंकागणिक पर्याय कमी होत जातात. टॅबच्या कळीमागचे तत्त्व नेमके हेच आहे.

घाईचा नोकर आणि थांबणारा नोकर

एकाच मोठ्या संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची पद्धत १९६० च्या दशकात रूढ होत होती. आदेश टेलिप्रिंटरवर टंकले जात. त्या काळच्या सर्रास वापरातल्या टेलिप्रिंटरचा वेग सेकंदाला दहा अक्षरे एवढाच होता, त्यामुळे लांब शब्द टंकणे कंटाळवाणे होई. यावर दोन दिशांनी उपाय झाले. बेल प्रयोगशाळेतल्या युनिक्सने आदेशांची नावेच तोडून आखूड केली; ‘कॉपी’चे ‘सीपी’ झाले, ‘मूव्ह’चे ‘एमव्ही’. ही मोडीतल्या कारकुनाची रीत. टंकण्याचे श्रम वाचले, पण संक्षेप लक्षात ठेवण्याचा भार माणसावर आला.

दुसरी दिशा अशी की नावे पुरती ठेवायची आणि पुरी करण्याचे काम यंत्राने करायचे. कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाच्या प्रणालीत १९६७ च्या सुमारास ही सोय होती. टंकलेल्या अक्षरांवरून एकच आदेश संभवत असेल तर यंत्र तो न विचारता पुरा करून टाकी. त्याचा त्रासही झाला. एखादे अक्षर चुकीचे पडले तर भलताच आदेश पुरा होऊन समोर येई.

मॅसॅच्युसेट्‌समधील बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीत घडलेल्या टेनेक्स या प्रणालीने ही कल्पना उचलली आणि तीत एक मोलाचा बदल केला. माणसाने एस्केपची कळ दाबल्याखेरीज यंत्राने काही पुरे करायचे नाही. शिवाय प्रश्नचिन्ह टंकले तर त्या जागी काय काय चालेल याची यादी मिळे. टेनेक्सची ओळख करून देणारा निबंध १९७२ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांत डॅनियल बॉब्रो होते आणि रे टॉमलिन्सनही होते. ई-मेलच्या पत्त्यात ‘ॲट’चे चिन्ह आणणारे ते हेच. अर्ध्या वचनात असणारा नोकर बर्कलीतही होता. पण ‘आता पुढचे तू सांग’ असे धन्याने खुणावल्यावरच बोलणारा नोकर टेनेक्सने दिला. आजही टॅब दाबावी लागते, आपोआप काही होत नाही, याचे मूळ इथे आहे.

टेनेक्सची ही सोय युनिक्सवर आणली केन ग्रीअर यांनी. कार्नेगी मेलन विद्यापीठात १९७५ मध्ये त्यांनी काम सुरू केले आणि १९८१ च्या अखेरीस ते ‘सी शेल’मध्ये मिसळले. शेल म्हणजे आपला आदेश ऐकून संगणकाच्या आतल्या यंत्रणेपर्यंत पोचवणारा दुभाष्या. या नव्या शेलचे नाव ‘टीसीशेल’ पडले. त्यातला ‘टी’ टेनेक्सचा. १९८९ मध्ये ब्रायन फॉक्स यांचे ‘बॅश’ आले, १९९० मध्ये प्रिन्स्टनचे विद्यार्थी पॉल फॉलस्टॅड यांचे ‘झेडशेल’ आले आणि एस्केपची जागा टॅबने पक्की केली.

यादी कोणी द्यायची?

सुरुवातीला शेलला फक्त आदेशांची आणि फाइलींची नावे पुरी करता येत. पण प्रत्येक साधनाचे स्वतःचे पोट-आदेश असतात, त्या प्रत्येकाचे पर्याय असतात. ती यादी शेलला कुठून ठाऊक असणार? म्हणून साधन लिहिणाऱ्यानेच ती द्यावी अशी वाट काढली गेली. बॅशमध्ये ही सोय २००० साली २.०४ या आवृत्तीत आली.

तिचे काम कसे चालते ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, अकोले तालुक्यातील ठिकाणांची माहिती देणारे एक साधन आपण लिहिले आणि त्याचे नाव ‘गाव’ ठेवले. त्याचे पोट-आदेश तीन: ‘दाखव’, ‘शोध’, ‘नोंदव’. ‘गाव’ टंकून पुढे टॅब दाबली की आपण नेमून दिलेले एक छोटे फलन शेल हाकारते. ओळीत आतापर्यंत कोणते शब्द आले आणि माणूस त्यांतल्या कितव्या शब्दावर आहे, या दोन गोष्टी शेल त्याच्या हाती देते. फलनाने संभाव्य शब्दांची यादी परत करायची, एवढेच काम. पहिल्या जागेवर असेल तर तीन पोट-आदेश. ‘दाखव’च्या पुढे असेल तर ठिकाणांची नावे. शेल त्या नावांच्या सुरुवातीचा सर्वांत लांब सामाईक भाग शोधते आणि तेवढाच ओळीत लिहिते. एकच नाव उरले असेल तर पुढे मोकळी जागाही सोडते. एकाहून अधिक उरली तर घंटा वाजते, आणि पुन्हा टॅब दाबल्यावर सगळी नावे दिसतात. ‘कोणते अकोले?’ हा प्रतिप्रश्न तो हाच.

कागदावर हे सोपे वाटते. आता ‘कळ’ टंकून टॅब दाबा. यादीत कळस बुद्रुक आहे, कळस खुर्द आहे, आणि शिखरेही घेतली असतील तर १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई आहे. पहिली अडचण मोकळ्या जागेची. साध्या पद्धतीने यादी दिली तर बॅश मोकळ्या जागेवर शब्द तोडते, आणि ‘कळस’ व ‘बुद्रुक’ ही दोन वेगळी गावे होऊन बसतात. म्हणून नावे ओळी-ओळीने द्यावी लागतात आणि ओळीत घालताना अवतरणात बांधावी लागतात. दुसरी अडचण लिपीची. ‘कळस’पर्यंत तिन्ही नावे सारखी आहेत असे यंत्र म्हणते, कारण युनिकोडमध्ये ‘सू’ म्हणजे ‘स’ आणि त्यामागून ऊकाराचे स्वतंत्र चिन्ह. मराठी डोळ्याला मात्र ‘स’ आणि ‘सू’ ही दोन वेगळी अक्षरे दिसतात. यंत्र अक्षराच्या मधोमध थांबते. शिवाय प्रत्येक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात. चिन्हांऐवजी बाइटची तुलना करणारे साधन चिन्हाच्याही मधोमध थांबू शकते.

तिसरी अडचण अधिक छुपी. ‘वऱ्हाड’मधला ‘ऱ’ हे एक चिन्ह म्हणून साठवता येतो, ‘र’ आणि खालचा नुक्ता अशी दोन चिन्हे म्हणूनही साठवता येतो. पडद्यावर दोन्ही एकसारखे. पण यादीत एक रूप आणि बोटांतून दुसरे रूप आले तर टॅब दाबूनही काही घडत नाही. दोन्ही बाजू आधी एका रूपात आणल्याशिवाय तुलना करायची नाही, हा त्यावरचा उपाय. इंग्रजीपुरते लिहिलेल्या साधनात तो बहुधा नसतो.

जुनी पडलेली यादी

या सगळ्या अडचणींवर उत्तरे आहेत. टॅबची खरी कसोटी यादीच्या खरेपणावर लागते. फलनात हाताने लिहिलेली यादी साधन बदलले तरी तशीच राहते, आणि माणूस टॅबवर विसंबून नसलेल्या पर्यायांच्या मागे लागतो. म्हणून गेल्या काही वर्षांत दुसरी पद्धत रुळली आहे. शेलने थेट साधनालाच विचारायचे, ‘इथे काय काय चालेल?’ आणि साधनाने आपल्या ताज्या माहितीतून उत्तर द्यायचे. गो भाषेतील ‘कोब्रा’सारखी साधने या कामासाठी एक लपलेला पोट-आदेश ठेवतात. इथे अट एकच: उत्तर क्षणात आले पाहिजे. कळ दाबून वाट पाहावी लागली तर माणूस हातानेच टंकू लागतो.

नावे बदलतात तेव्हा ही गोष्ट जास्त जाणवते. २०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्याचे अहिल्यानगर झाले. दोन्ही नावांची सुरुवात ‘अह’ने होते आणि तिसऱ्याच चिन्हावर वाटा फुटतात. ‘अहमद’ टंकणाऱ्याला जुन्या यादीत अहमदनगर, अहमदपूर आणि अहमदाबाद अशी तीन नावे दिसत. यादीतले नाव नुसते बदलून टाकले तर जुन्या दस्तांत, सातबाऱ्यांत, दाखल्यांत ज्याने ‘अहमदनगर’ वाचले आहे तो माणूस टॅब दाबतो आणि त्याला अहमदपूर व अहमदाबाद एवढेच मिळते. त्याचा जिल्हा त्या यादीपुरता नाहीसा झालेला असतो. सुरुवातीच्या अक्षरांवरून शोधणारी कोणतीही पद्धत ‘अहम’वरून ‘अहिल्या’कडे जाऊ शकत नाही. तिथे जुने नावही यादीत ठेवून ते नव्या नोंदीशी जोडावे लागते. पिनचे मात्र काही बदलले नाही. ४२२६०१ आहे तसाच आहे.

हल्ली मोबाइलमध्ये आणि अन्यत्र पुढचा शब्द सुचवणारी यंत्रे आली आहेत. ती बहुतेकांनी काय लिहिले यावरून अंदाज बांधतात. ‘अकोल’पुढे त्यांचा कौल मोठ्या शहराकडे, म्हणजे अकोल्याच्या कान्याकडे झुकणे स्वाभाविक आहे. टॅबची जुनी कळ असा कौल देत नाही. जिल्ह्याचे शहर आणि तालुक्याचे गाव तिच्या यादीत एकाच मापाने बसतात, आणि जिथे दोघांचा रस्ता फुटतो तिथे ती थांबते. मात्र गाव यादीत असले पाहिजे, आणि ते ठेवण्याचे काम कळीचे नाही. यादी लिहिणाऱ्याचे आहे.